लहान मुलांसह एका दिवसाची हिवाळी सहल : बर्फातले खेळ आणि आइस स्केटिंग

पहाटवारा (धागालेखिका)

हिवाळ्यात कुटुंबासह सकाळी निघावे, मुलांनी बर्फात मनसोक्त खेळावे, जमल्यास थोडे आइस स्केटिंगही करावे आणि रात्री आपल्याच घरी झोपावे, अशी सहल बेतणाऱ्या पालकांसाठी हा धागा काढत आहे. मुक्कामाच्या सहलींविषयी पुष्कळ लिहिले जाते. एका दिवसाच्या सहलीचे गणित मात्र वेगळे असते, कारण बिघडलेले काही सावरायला दुसरा दिवस हाताशी नसतो. मोजे भिजले तर ते वाळत घालायला खोली नसते, मूल पेंगुळले तर त्याला आडवे करायला गाडीच्या मागच्या आसनाखेरीज जागा नसते, आणि दिवस लहान असल्यामुळे दुपार कलताच परतीचे वेध लागतात.

माझे मत आधी मांडते. अशा सहलीचा वेळ सगळ्यांत लहान मुलाच्या अंगात ऊब किती वेळ टिकते यावरून ठरवावा. ठिकाण किती दूर आहे किंवा तिकीट किती तासांचे आहे यावरून ठरवू नये. लहान मुलाच्या शरीराचा पृष्ठभाग त्याच्या वजनाच्या मानाने मोठ्या माणसापेक्षा जास्त असतो, त्यामुळे त्याच्या अंगातली उष्णता लवकर निघून जाते. त्यातच खेळाच्या भरात त्याला थंडी जाणवत नाही, आणि जाणवली तरी खेळ थांबेल या भीतीने ते सांगत नाही. याउलट कडेला उभ्या असलेल्या आईवडिलांना गारठा लागत असतो आणि धावणारे मोठे भावंड घामेजलेले असते. म्हणून स्वतःला काय वाटते यावरून मुलाची स्थिती ताडणे दोन्ही बाजूंनी फसवे ठरते. आम्ही मुलांच्या मानेच्या मागच्या बाजूला, कपड्यांच्या आत हात घालून पाहतो. मान उबदार आणि कोरडी असेल तर खेळ चालू राहतो. गार असेल तर आत जायचे, आणि दमट असेल तर एक थर कमी करायचा.

ठिकाण निवडताना टेकडी किती उंच आहे किंवा देखावा किती सुंदर आहे यापेक्षा तापवलेली खोली आणि स्वच्छतागृह किती पावलांवर आहे, हे मी आधी पाहते. पाच वर्षांखालच्या मुलांसाठी अर्धा-पाऊण तास बाहेर आणि मग थोडा वेळ आत, अशा फेऱ्या केल्या तर दिवस चांगला जातो. थंडीत लघवी जास्त होते आणि सगळे थर चढवून झाल्यावरच मुलांना त्याची आठवण होते, त्यामुळे कपडे चढवण्याआधी स्वच्छतागृहात नेऊन आणणे हा आमच्याकडे ठरलेला नियम आहे.

आता प्रश्न. बर्फातले खेळ आणि स्केटिंग या दोन्ही गोष्टी एकाच दिवसात बसवाव्यात का? सहा वर्षांखालचे मूल बरोबर असेल तर त्यांपैकी एकच निवडावी, असे माझे मत आहे. ज्यांनी दोन्ही जमवले आहे त्यांनी क्रम कसा ठेवला, हे वाचायला आवडेल. कपडे, स्केटची निवड आणि गोठलेल्या तळ्यांविषयीही जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

कवडसा

मी लहान मुलांना स्केटिंग शिकवते, त्यामुळे क्रमाच्या प्रश्नापासून सुरुवात करते. दोन्ही गोष्टी एका दिवसात बसतात. मात्र स्केटिंग सकाळी आणि बर्फातले खेळ नंतर, असाच क्रम ठेवावा. स्केटिंगला घोटे, मांड्या आणि लक्ष ताजे लागते. टेकडी चढून उतरून थकलेले मूल रिंकवर, म्हणजे स्केटिंगसाठी तयार केलेल्या बर्फाच्या मैदानावर, आले की गुडघे वाकवायचे विसरते, ताठ उभे राहते आणि मागच्या मागे पडते. पहिल्यांदा येणाऱ्या मुलाला अर्धा तास पुरेसा होतो, पाऊण तास म्हणजे कमाल. ते हसत बाहेर पडले तर पुढच्या वेळी स्वतःहून येते; रडत बाहेर काढावे लागले तर पुन्हा न्यायला फार कष्ट पडतात.

सगळ्यांत जास्त अडचण बुटांमुळे होते. मूल वाढते आहे म्हणून पालक एक माप मोठा स्केट घेतात, आणि त्यावर जाड मोज्यांचे दोन जोड चढवतात. या दोन्ही गोष्टींनी स्केटिंग अशक्य होते. स्केटमध्ये टाच जागच्या जागी घट्ट बसली पाहिजे आणि बोटे पुढच्या टोकाला जेमतेम टेकली पाहिजेत. गुडघे वाकवल्यावर बोटे किंचित मागे सरकतात, तेव्हा माप बरोबर आहे असे समजावे. मोज्यांचा एकच जोड, तोही पातळ आणि पोटरीपर्यंत येणारा असावा. जाड मोजे पाय आवळतात, रक्ताभिसरण कमी होते आणि पाय उलट लवकर गार पडतात. नाडी बोटांकडे जरा सैल, पायाच्या वळणापाशी चांगली घट्ट आणि वरच्या दोन भोकांत पुन्हा थोडी सैल बांधावी, म्हणजे घोट्याला आधारही मिळतो आणि गुडघा पुढे झुकवताही येतो. भाड्याच्या स्केटची पाती बोथट असतील तर पाय बाजूला निसटत राहतो आणि दोष मुलाचा आहे असे वाटते. अशा वेळी काउंटरवर जाऊन दुसरा जोड मागण्यात कसलाही संकोच करू नये.

फिगर स्केटच्या पात्याला पुढे दाते असतात, हॉकी स्केटला ते नसतात. नवशिक्या मुलाला दोन्हींवर शिकता येते, पण फिगर स्केटवर चवड्यावर भार दिला की दाते बर्फात रुततात आणि मूल पुढे तोंडावर आपटते. दात्यांनी ढकलायचे नाही, हे आधीच सांगून ठेवावे.

बर्फावर पाऊल टाकण्याआधी रिंकबाहेरच्या रबरी पट्ट्यांवरच पडायला आणि उठायला शिकवावे. पडणार असे वाटले की गुडघे आणखी वाकवून खाली बसल्यासारखे व्हायचे आणि कुशीवर, मांडीच्या मांसल भागावर पडायचे. हात मागे टेकायचे नाहीत, कारण मनगट तिथेच मोडते. पडल्यावर बोटे लगेच मुठीत घ्यायची, म्हणजे शेजारून जाणाऱ्याचे पाते बोटांवरून जाण्याचा धोका टळतो. उठताना आधी हात आणि गुडघ्यांवर यायचे, मग एक पाऊल दोन हातांच्या मध्ये ठेवायचे आणि गुडघ्यावर जोर देऊन उभे राहायचे. हे जमले की मुलाची निम्मी भीती जाते. त्यानंतर जागच्या जागी पावले उचलायची, मग तीच पावले थोडी पुढे टाकायची. दोन-चार पावलांनंतर दोन्ही पाय जुळवून थांबले की शरीर आपोआप घसरत पुढे जाते. नजर पायांकडे नको, समोर हवी. हेल्मेट आणि हातमोजे पहिल्या दिवसापासून हवेतच.

पालकांना एक कळकळीची विनंती आहे. ज्यांना स्वतःला स्केटिंग येत नाही त्यांनी मुलाचा हात वर ओढून धरत त्याला चालवू नये, कारण दोघांचाही तोल जातो आणि मोठे माणूस लहानावर पडते. मुलांनी धरून चालायच्या ढकलत्या चौकटी बहुतेक रिंकवर मिळतात. त्यांचा उपयोग सुरुवातीच्या भीतीपुरता करावा. चौकटीवर ओणवे होऊन चालण्याची सवय लागली तर तोल शिकायला वेळ लागतो.

वेळ निवडता येत असेल तर पृष्ठभाग नुकताच गुळगुळीत केल्यानंतरचे सत्र घ्यावे. फ्रँक झॅम्बोनी यांनी १९४९ मध्ये बर्फ खरवडून त्यावर पाण्याचा पातळ थर पसरणारे यंत्र तयार केले, तेव्हापासून रिंकची ही देखभाल काही मिनिटांत होऊ लागली. सत्राच्या शेवटी मात्र बर्फावर चरे पडलेले असतात, बर्फाचा भुसा साचलेला असतो, आणि नवशिक्यांचे पाय त्यात अडकतात.

तळ्याकाठी

नैसर्गिक तळ्यांविषयी लिहितो. मी अनेक वर्षे थंड प्रदेशात राहतो आणि गोठलेल्या तळ्यावर स्केटिंग करण्याइतका आनंद मला दुसऱ्या कशात वाटत नाही. तरीही एका दिवसासाठी बाहेरून येणाऱ्या कुटुंबाने स्वतःच्या अंदाजावर कोणत्याही तळ्यावर उतरू नये, असे ठामपणे सांगेन. काठावर उभे राहून बर्फ किती जाड आहे हे कोणालाही कळत नाही. ते छिद्र पाडून मोजावे लागते, आणि तेही एका ठिकाणी मोजून भागत नाही.

स्वच्छ, पारदर्शक, निळसर-काळा दिसणारा नवा बर्फ सर्वांत मजबूत असतो. एका माणसाने पायी चालण्यासाठी तो किमान १० सेंटीमीटर असावा असे अनेक ठिकाणचे मार्गदर्शन सांगते. कॅनडाच्या रेड क्रॉसची शिफारस अधिक सावध आहे : एकट्याने चालण्यासाठी किंवा स्केटिंगसाठी १५ सेंटीमीटर आणि अनेक जण मिळून खेळणार असतील तर २० सेंटीमीटर. मुलांचा घोळका असेल तेव्हा मी दुसराच आकडा धरतो. पांढरा, दुधी बर्फ वितळलेले किंवा भिजलेले हिम पुन्हा गोठून तयार होतो आणि त्याची ताकद पारदर्शक बर्फाच्या जवळपास निम्मीच असते, म्हणून त्याची जाडी दुप्पट हवी. करडा दिसणारा बर्फ म्हणजे आत पाणी आहे असे समजावे. त्यावर पाऊल टाकू नये.

एकाच तळ्यावर चार पावलांच्या अंतरात बर्फाची जाडी बदलते. जिथे ओढा येऊन मिळतो किंवा बाहेर पडतो, जिथे तळाशी झरा आहे, पुलाखाली, लव्हाळ्यांच्या आणि बुडालेल्या ओंडक्यांच्या आसपास बर्फ पातळ असतो. तळ्यावर भुसभुशीत हिमाचा थर पडला की वरची थंडी खाली पोहोचत नाही आणि बर्फ वाढायचा थांबतो, त्यामुळे भरपूर हिमवर्षाव झाला म्हणजे तळे पक्के गोठले असा निष्कर्ष काढणे धोक्याचे आहे. नदीवर तर मी मुलांना उतरूच देत नाही.

जाणत्या यंत्रणांनासुद्धा निसर्गापुढे थांबावे लागते, हे दोन उदाहरणांवरून दिसते. कॅनडातल्या ओटावा शहरातल्या रिडो कालव्यावर दर हिवाळ्यात ७.८ किलोमीटर लांबीचा स्केटिंगचा मार्ग तयार करतात. २०२२-२३ च्या हिवाळ्यात बर्फ पुरेसा जाड आणि चांगला झालाच नाही आणि तो मार्ग अजिबात उघडला नाही. नेदरलँड्समधली अकरा शहरांमधून जाणारी सुमारे २०० किलोमीटरची स्केटिंग शर्यत संपूर्ण मार्गावर १५ सेंटीमीटर बर्फ असल्याशिवाय होत नाही, आणि ती शेवटची झाली १९९७ मध्ये. तेव्हा बर्फ सुरक्षित असल्याचा फलक लावलेला नसेल, कोणी तपासणी करत नसेल, तर तिथे स्केटिंग नाही. मुलांनी कितीही हट्ट केला तरी नाही. नैसर्गिक बर्फाच्या भरवशावर निघताना पर्यायी रिंक आधीच हेरून ठेवावी, म्हणजे नाही म्हणणे सोपे जाते.

कोणी बर्फ फुटून पाण्यात पडलेच तर काय करावे, हे मोठ्यांनी घरूनच ठाऊक करून निघावे. गार पाण्याच्या धक्क्याने पहिले मिनिटभर श्वास अनावर होतो. त्या मिनिटात धडपड न करता फक्त श्वास सावरायचा. त्यानंतर हातपाय कामाचे असतात ती सुमारे दहा मिनिटे. ज्या दिशेने आलो त्याच दिशेला वळून, कोपरे बर्फाच्या कडेवर टेकवून, पाय जोरात झाडत शरीर आडवे करायचे आणि पोटावर सरपटत वर यायचे. वर आल्यावर उभे न राहता लोळत दूर जायचे. काठावरच्या माणसाने धावत जाऊ नये. मदतीसाठी फोन करावा, आडवे पडून काठी, दोर किंवा जे हाताशी असेल ते पुढे करावे.

पहाटवारा (धागालेखिका)

तळ्याकाठी आणि कवडसा, दोघांचेही मनापासून आभार. स्केटिंग आधी आणि खेळ नंतर हा क्रम मला पटला. मोठ्या मुलांबाबत माझे मत मी बदलते आहे. चार वर्षांच्या मुलाबाबत मात्र एकच गोष्ट निवडावी, यावर अजूनही ठाम आहे.

आता कपड्यांविषयी. आमच्याकडे सर्वांत आधी भिजतात ते हातमोजे. भुसभुशीत बर्फ मनगटापाशी आत शिरतो, अंगाच्या उबेने वितळतो आणि अर्ध्या तासात मोजे ओले होतात. हातमोज्यांचे किती जोड न्यावेत, आणि कोणत्या कापडाचे?

पायवाट

प्रत्येक मुलामागे किमान दोन जादा जोड न्यावेत आणि ते गाडीत न ठेवता पाठीवरच्या पिशवीत, कोरड्या प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवावेत. लहान मुलांसाठी पाच बोटांच्या मोज्यांपेक्षा चार बोटे एकत्र राहणारे मोजे जास्त उबदार असतात, कारण बोटे एकमेकांना ऊब देतात. मोज्याची बाही लांब असावी आणि जाकिटाच्या बाहीवरून चढवता यावी. पँटचा पायघोळही असाच बुटावरून खाली आला पाहिजे.

अंगाला लागून सुती कपडा नको. सुती कापड घाम शोषून ओले राहते आणि ओल्या कापडातून उष्णता झपाट्याने निघून जाते. आत लोकरीचा किंवा कृत्रिम धाग्याचा पातळ थर, मध्ये हवा धरून ठेवणारा जाड थर आणि बाहेर वारा-पाणी अडवणारा थर, अशी रचना असावी. आपल्याला जितके थर लागतात त्याहून एक थर लहान मुलाला जास्त घालावा, हा बालरोगतज्ज्ञांचा सल्ला लक्षात ठेवायला सोपा आहे. गळ्याभोवती लांब मफलर गुंडाळू नये, कारण घसरताना किंवा पाळण्यात बसताना तो अडकून गळ्याला फास बसू शकतो. डोक्यातून घालायची लोकरी नळी वापरावी.

गाडीत बसवताना मुलांचे फुगीर जाकीट काढावे, याकडे फार थोडे पालक लक्ष देतात. जाकिटावरून पट्टा आवळला की तो घट्ट वाटतो. पण अपघातात जाकिटातली हवा दबते, पट्टा सैल पडतो आणि मूल आसनातून निसटू शकते. आधी पट्टा लावावा, मग वरून जाकीट किंवा पांघरूण घालावे.

घसरगाडीविषयीही लिहितो, कारण या खेळातही गंभीर दुखापती होतात आणि तरी त्याला सर्वांत निरुपद्रवी समजले जाते. उतार निवडताना आधी खाली काय आहे ते पाहावे. उताराच्या पायथ्याशी लांब, सपाट, मोकळी जागा हवी. झाड, कुंपण, रस्ता, वाहनतळ किंवा तळे नको. मुलांनी बसून आणि पाय पुढे ठेवूनच उतरावे. पोटावर पडून डोके पुढे ठेवले की कोणत्याही धडकेचा पहिला मार डोक्याला बसतो. हेल्मेट इथेही हवे. साधी प्लास्टिकची थाळी किंवा फुगवलेली नळी वळवता येत नाही आणि गरगर फिरते, म्हणून लहानांना सुकाणू असलेली गाडी चांगली. वर चढण्याची वाट उताराच्या कडेने असावी आणि खाली पोहोचलेल्याने लगेच बाजूला व्हावे. घसरगाडी मोटारीला बांधून ओढण्याचा प्रकार तर कधीही करू नये.

डोंगराळ भागात आणखी एक काळजी घ्यावी लागते. साधारण ३० ते ४५ अंशांच्या उतारावरून हिमकडे, म्हणजे कोसळत खाली येणारे बर्फाचे लोट, सुटण्याची शक्यता सर्वांत जास्त असते, आणि असा उतार तुमच्या खेळाच्या जागेच्या वर असला तरी धोका तुम्हालाच असतो. स्थानिक हिमकडा-इशारा सकाळी वाचूनच निघावे. मुलांना बर्फात बोगदे आणि गुहा खणायला फार आवडते. पण छत कोसळले तर आवाज बाहेर येत नाही आणि काही मिनिटांत श्वास कोंडतो. त्याऐवजी छताविना भिंतींचा किल्ला बांधू द्यावा. रस्त्याकडेच्या ढिगाऱ्यांत तर खेळूच देऊ नये, कारण बर्फ हटवणाऱ्या गाडीच्या चालकाला ढिगाऱ्यामागचे मूल दिसत नाही.

निरामय

व्यवसायाने डॉक्टर असल्यामुळे थंडीच्या लक्षणांविषयी लिहिणे मला आवश्यक वाटते. निघण्यापूर्वी केवळ तापमान पाहू नये, वाराही पाहावा. तापमान उणे १० अंश सेल्सिअस असताना ताशी ३० किलोमीटर वेगाचा वारा असेल, तर उघड्या त्वचेला जाणवणारी थंडी उणे २० अंशांइतकी असते. उतारावरून वेगाने घसरणारे मूल हा वारा स्वतःच निर्माण करत असते, त्यामुळे गाल, नाक आणि कान यांकडे सारखे लक्ष ठेवावे.

हिमदंशाची सुरुवात गालांवर, नाकाच्या शेंड्यावर, कानांच्या पाळ्यांवर किंवा बोटांवर होते. आधी झिणझिण्या येतात, मग बधिरपणा येतो आणि त्वचा फिकट, पांढुरकी किंवा मेणासारखी दिसू लागते. ज्या क्षणी दुखणे थांबते त्या क्षणी मूल 'आता बरे वाटते' म्हणते, आणि नेमकी तीच धोक्याची वेळ असते. अशी जागा चोळू नये. बर्फ चोळण्याचा जुना उपाय तर पूर्णपणे हानिकारक आहे. आत नेऊन ३७ ते ३९ अंश सेल्सिअस तापमानाच्या, म्हणजे अंगाला कोमट लागणाऱ्या पाण्यात तो भाग बुडवावा. शेकोटी किंवा हीटर जवळ धरू नये, कारण बधिर त्वचेला भाजल्याचे समजत नाही. तो भाग पुन्हा गोठण्याची शक्यता असेल तर वाटेत तो वितळवू नये, आणि त्वचा कडक झाली असेल, फोड आले असतील किंवा रंग परत येत नसेल तर थेट रुग्णालय गाठावे.

शरीराचे आतले तापमान ३५ अंश सेल्सिअसच्या खाली गेले की त्याला शीताघात म्हणतात. मुलांमध्ये तो गप्प पावलांनी येतो : चालताना अडखळणे, बोलणे अडकणे, चेन लावता न येणे, विनाकारण चिडचिड, आणि मग अचानक शांत होणे. थरथरणारे मूल अजून स्वतः ऊब निर्माण करत असते. थरथर थांबून पेंगू लागलेले मूल अधिक आजारी असते. ओले कपडे काढणे, कोरड्यात गुंडाळणे, पूर्ण शुद्धीवर असेल तर कोमट गोड पेय देणे आणि वैद्यकीय मदत बोलावणे, हा क्रम पाळावा.

उन्हाचा विचार हिवाळ्यात कोणी करत नाही. ताजे हिम जवळपास ८० टक्के अतिनील किरण परावर्तित करते, आणि उंची दर हजार मीटरने वाढली की ही किरणे सुमारे १० टक्क्यांनी वाढतात. म्हणजे किरण वरूनही येतात आणि खालूनही. हनुवटीखाली आणि नाकपुड्यांच्या कडेलाही सनस्क्रीन लावावे लागते. डोळ्यांवर गडद, बाजूनेही झाकणारा चष्मा नसेल तर बुबुळाचा पृष्ठभाग भाजतो. वेदना मात्र काही तासांनी, घरी पोहोचल्यावर सुरू होतात, त्यामुळे कारण लक्षात येत नाही. ठिकाण २५०० मीटरहून उंच असेल आणि गाडीने थेट वर गेला असाल तर डोकेदुखी, मळमळ आणि मलूलपणा हे प्रवासाच्या त्रासाऐवजी उंचीचे लक्षण असू शकते. त्यावर खाली उतरणे हाच खरा उपाय आहे. दमा असलेल्या मुलाचा इनहेलर जाकिटाच्या आतल्या खिशात ठेवावा. थंड, कोरड्या हवेने श्वासनलिका आकसतात आणि गोठलेला इनहेलर नीट फवारत नाही.

शुभ्रकण

धाग्यात सुरक्षिततेची चर्चा उत्तम झाली आहे. मी शाळेत विज्ञान शिकवतो आणि मला या सहलीची दुसरी बाजू तितकीच महत्त्वाची वाटते : मुलांना बर्फ नीट पाहायला शिकवावे. एक लहान भिंग आणि गडद लोकरी मोजा एवढेच साहित्य पुरते. हिमवर्षाव चालू असताना मोजा थोडा वेळ बाहेर धरून गार करावा, म्हणजे त्यावर पडलेले कण लगेच वितळत नाहीत. श्वास बाजूला सोडत भिंगातून पाहिले की सहा भुजा स्वच्छ दिसतात.

अमेरिकेतल्या व्हरमाँटमधले शेतकरी विल्सन बेंटली यांनी १८८५ मध्ये सूक्ष्मदर्शकाला कॅमेरा जोडून हिमकणाचे छायाचित्र टिपले आणि पुढे आयुष्यभरात पाच हजारांहून अधिक कण टिपले. जपानमध्ये होक्काइदो येथे उकिचिरो नाकाया यांनी १९३६ मध्ये प्रयोगशाळेत कृत्रिम हिमस्फटिक वाढवला आणि स्फटिकाचा आकार तापमान व आर्द्रता यांवर कसा ठरतो, हे दाखवून दिले. उणे ५ अंशांच्या आसपास सुया आणि स्तंभ तयार होतात. उणे १५ च्या आसपास, हवेत पुरेशी आर्द्रता असेल तर, पानांसारख्या फांद्या फुटलेले मोठे तारे तयार होतात. मोज्यावर पडलेला कण पाहून वर ढगात किती थंडी असावी याचा अंदाज दहा वर्षांचे मूलही करू शकते, आणि तो करताना त्याचा चेहरा पाहण्यासारखा असतो.

हिममानव कधी जमतो आणि कधी जमत नाही, हाही असाच प्रश्न आहे. तापमान शून्याच्या जवळ असले की कणांच्या पृष्ठभागावर पाण्याचा अतिसूक्ष्म थर असतो आणि दाबल्यावर कण एकमेकांना चिकटून गोठतात. मायकेल फॅरेडे यांनी १८५० मध्ये हीच गोष्ट बर्फाचे दोन तुकडे एकमेकांना टेकवून दाखवली होती. फार थंड, कोरड्या दिवशी तोच बर्फ पिठासारखा हातातून गळतो. त्या दिवशी हिममानवाचा हट्ट सोडून घसरगाडी काढावी. स्केट का घसरते, याचे उत्तरही त्याच थराशी जोडलेले आहे. पात्याच्या दाबाने बर्फ वितळतो असे पूर्वी शिकवले जाई. पण दाबाचा परिणाम अगदी थोड्या अंशांपुरता असतो आणि स्केटिंग तर उणे २० अंशांतही होते. पृष्ठभागावरचा सैल थर आणि घर्षणातून निर्माण होणारी उष्णता हे अधिक खरे स्पष्टीकरण आहे.

आजोळ

नातवंडांबरोबर जाणाऱ्या आमच्यासारख्यांसाठी दोन शब्द. सहलीत आजी-आजोबा असले की पालक त्यांना सामान सांभाळायला एका बाकावर बसवून जातात. न हलता बसणाऱ्या माणसाला सर्वांत लवकर थंडी लागते, आणि म्हातारपणी ती जाणवतेही उशिरा. आम्हांला बाकाखाली घालायला जाड बैठक द्यावी, बुटांच्या तळव्यांना अडकवायचे काटे द्यावेत आणि अधूनमधून आमच्याही हाताला हात लावून पाहावे. वाहनतळ ते रिंक हा शंभर पावलांचा निसरडा रस्ता आमच्यासाठी रिंकपेक्षा अवघड असतो. त्यावर लहान पावले टाकत, शरीराचा भार पुढच्या पायावर ठेवून चालावे आणि हात खिशात घालू नयेत. ज्यांना हृदयविकार आहे त्यांनी रुतलेल्या गाडीभोवतीचा बर्फ फावड्याने उपसायला जाऊ नये, हे मुलांनी आपल्या वडिलांना प्रेमाने पण स्पष्ट शब्दांत सांगावे.

पायवाट

आजोळ यांनी रुतलेल्या गाडीचा उल्लेख केला म्हणून भर घालतो. उष्णतेसाठी इंजिन चालू ठेवून आत बसण्याची वेळ आली तर आधी खाली उतरून गाडीच्या धुराड्याभोवतीचा, म्हणजे धूर बाहेर सोडणाऱ्या नळीभोवतीचा, बर्फ काढावा. धुराडे बुजले तर कार्बन मोनॉक्साइड आत शिरतो. त्याला वास नसतो आणि झोपलेल्या मुलांना तो सर्वांत आधी गाठतो. परतीची वेळ सूर्यास्तावरून उलट मोजावी. दुपारी वितळलेले पाणी सूर्य कलताच रस्त्यावर पुन्हा गोठते, त्याचा पारदर्शक थर दिव्यांच्या उजेडात दिसत नाही आणि पुलांवर तो सर्वांत आधी धरतो, कारण पुलाला खालूनही गार वारा लागतो.

पहाटवारा (धागालेखिका)

सर्वांचे आभार. शेवटचा एक प्रश्न निरामय यांना विचारते. माझ्या बहिणीचे बाळ दीड वर्षाचे आहे आणि तिलाही आमच्याबरोबर यायचे आहे. बाळाला पाठीवरच्या झोळीत घेऊन ती बर्फात फिरू शकेल का?

निरामय

थोडा वेळ फिरू शकेल. काही गोष्टी सांभाळाव्या लागतील. झोळीतले बाळ हलत नाही, म्हणून ते स्वतःची ऊब फारशी निर्माण करत नाही, आणि चालणाऱ्या आईला मात्र गरम होत असते. पाठीवर घेतल्यास बाळाचा चेहरा तिला दिसत नाही, त्यामुळे या वयात पुढे, छातीशी घेणे बरे. नाक-तोंड कपड्याने झाकले जाणार नाही याची खात्री करावी. लटकणाऱ्या पायांत झोळीचे पट्टे आवळून रक्ताभिसरण अडत नाही ना, हे दर दहा-पंधरा मिनिटांनी पाहावे आणि तळपाय हाताने चाचपावेत. बाळाला घेऊन स्केटिंग करू नये आणि घसरगाडीवरही बसू नये, कारण तोल गेल्यास आईचे संपूर्ण वजन बाळावर येते. वारा असेल किंवा तापमान उणे १० अंशांच्या खाली असेल, तर मी तिला बाळासह आत बसायला सांगेन आणि कुटुंबातल्या इतरांना आळीपाळीने बाळाजवळ बसायला सांगेन, म्हणजे तिलाही बर्फात खेळता येईल.